पूजेतला मायक्रोस्कोप

दसऱ्याच्या दुपारी श्रीखंडाचा दुसरा घास तोंडात असताना भाऊ टिपणीस म्हणाले, "देवयानी, तुझ्या पेशी मरताहेत."

"जेवताना असलं बोलू नये," उत्तराबाई म्हणाल्या. "पुरी वाढू का?"

नौपाड्यातल्या त्या घरात ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी अशा क्रमाने वाढायची पद्धत होती. गेले काही दिवस चटणीच्या पलीकडे एक टॅब्लेटही वाढला जात असे. त्यावर एक हिरवी रेषा डावीकडून उजवीकडे सरकत असे आणि भाऊ तिच्याकडे बघत जेवत. रेषा मुलीच्या कंपनीची होती. कंपनीच्या नियमाप्रमाणे ती अत्यंत गुप्त असल्यामुळे घराबाहेर कोणालाही माहीत नव्हती; समोरच्या सरोजताई सोडून.

देवयानी आंबिवलीच्या पुढे एका लहानशा कंपनीत विषाणू बनवायची. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सरोजताई आठवडाभर तोंडाला रुमाल लावून जिना उतरत होत्या. मग देवयानीने त्यांना समजावलं, की हा विषाणू आजार देत नाही. त्याच्या पोटातला उपद्रव काढून तिथे एक चांगलं जनुक ठेवतात आणि तो ते डोळ्याच्या पडद्यापर्यंत नेऊन पोचवतो. काही मुलांचा पडदा जन्मापासूनच बिघडलेला असतो, त्यांचं दिसणं वर्षावर्षाला विझत जातं. त्यांच्यासाठी हे औषध.

"म्हणजे पोस्टमन," सरोजताई म्हणाल्या.

"पोस्टमनच," देवयानी म्हणाली. याहून बरी उपमा तिला एमटेकलाही कोणी दिली नव्हती.

आता, विषाणू एकटा वाढत नाही. त्याला घर लागतं. म्हणून एका मोठ्या पिशवीत, गुलाबी रसात, माणसाच्या पेशी पोसायच्या, त्यांना विषाणू बनवायच्या कामाला लावायचं आणि त्या ऐन भरात आल्या की साबणासारखं एक द्रावण सोडून सगळ्या फोडायच्या आणि आतला विषाणू काढून घ्यायचा. याला हार्वेस्ट म्हणतात. एक दिवस लवकर केलं तर विषाणू निम्माच हाती येतो. एक दिवस उशीर केला तर पेशी आपल्या आपण फुटतात आणि पिशवीत नुसता गाळ उरतो. थोडक्यात, पेशी जिवंत किती आहेत हे कळण्यावर सगळं उभं.

पूर्वी रोज पिशवीतून थोडा रस काढून मायक्रोस्कोपखाली बघत. पण दरवेळी रस काढायचा म्हणजे दरवेळी जंतूंना दार किलकिलं करून द्यायचं. देवयानीने भांडून भांडून पिशवीत एक दांडी बसवून घेतली. ही दांडी पेशींच्या आजूबाजूला हलकीशी वीज खेळवते. जिवंत पेशी ती वीज क्षणभर धरून ठेवते, मेलेली धरत नाही. त्यावरून मिनिटामिनिटाला हिशेब होऊन हिरवी रेषा उमटते. देवयानीने नियमही स्वतःच लिहिला: रस काढणं बंद, आणि हिरवी रेषा लाल रेषेखाली गेली तर तासाभरात हार्वेस्ट. तिचा वरिष्ठ साकेत याने सही केली, पण पेन ज्या पद्धतीने खाली ठेवलं ते तिच्या लक्षात राहिलं होतं.

भाऊ बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्य काटे बघण्यात गेलं; निवृत्तीनंतर घरात बघण्यासारखा एकच काटा होता, तो घड्याळाचा, आणि तो भाऊंच्या मते फार संथ होता. त्यामुळे मुलीच्या टॅब्लेटवरची रेषा त्यांनी दत्तकच घेतली. फक्त बॉयलरमध्ये काटा वर गेला की पळायचं असतं, इथे खाली आला की, हे अंगवळणी पडायला थोडे दिवस गेले.

"इकडे द्या," देवयानी म्हणाली.

रेषा सकाळपर्यंत सपाट होती. मग ती उतरायला लागली होती. कोसळत नव्हती, सभ्यपणे, एकेक पायरी, कठड्याला धरून उतरावी तशी उतरत होती. उद्या दुपारपर्यंत तिने जागचं हलायचं नव्हतं. देवयानीने डाव्या हाताने फोन लावला.

"प्राची, पिशवी गळतेय का?"

"नाही मॅडम." प्राची शहाडची, आजच्या पाळीला एकटी होती. "मी तुम्हालाच फोन करणार होते. साकेतसरांचा आलेला. म्हणाले साबण जोडून ठेव. जोडलाय. नळीचा चिमटा सोडायचा बाकी आहे."

"चिमट्याला हात लावू नकोस. मी येते."

"ताक तरी घे," उत्तराबाई म्हणाल्या.

देवयानी हात धुऊन चपला घालेपर्यंत भाऊ टॅब्लेट काखेत मारून दारात उभे होते.

"तुम्ही कुठे?"

"तू गाडी चालवणार. रेषा कोण बघणार?"

देवयानीने गाडीची किल्ली उचलली. गाडीला सकाळीच हार घातलेला होता. इथे भाऊंच्या दसऱ्याबद्दल सांगायला हवं. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, ही रीत भाऊ इतकी कडक पाळत, की विळी पूजेत म्हणून भाजी आदल्या दिवशी चिरलेली असे आणि रेझर पूजेत म्हणून भाऊ स्वतः दाढीचे खुंट वाढवून सोनं वाटत हिंडत. लहानपणी देवयानीने याच रीतीच्या आधारावर अख्खं दप्तर पूजेत मांडून दसऱ्याचा अभ्यास कायमचा टाळला होता. गाडीला मात्र सूट होती. नाहीतर मुलुंडच्या बहिणीकडे जाता आलं नसतं.

गाडी माजिवड्याला आली. मग भाऊ म्हणाले, "उतरली."

"किती?"

"थोडी."

रांजणोली नाक्यावर म्हणाले, "अजून थोडी."

"भाऊ, मी विचारेन तेव्हा सांगा."

"बरं." आणि पुढच्या सिग्नलला ते इतक्या जोरात उसासले की तिने विचारलंच.

"किती?"

"थोडी."

तेवढ्यात साकेतचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला. तो घोडबंदरला सासुरवाडीला होता. मागे कोणीतरी त्याला जिलबी आणखी घ्याच म्हणत होतं.

"देवयानी, रेषा लाल रेषेला टेकतेय. टेकली की तासाभरात हार्वेस्ट. नियम तुझाच."

"आज हार्वेस्ट केलं तर निम्मं मिळेल, साकेत. पहिल्या पेशंटलाही पुरणार नाही. दिवाळीनंतर ऑपरेशनची तारीख आहे. नवीन बॅच म्हणजे उन्हाळा उजाडेल. तोवर त्या मुलाला किती दिसत असेल?"

"आणि पेशी खरंच मरत असतील, तर उद्या निम्मंही मिळणार नाही. काहीच मिळणार नाही."

हेही खरं होतं. देवयानीने भाऊंच्या फोनवरून, तोही स्पीकरवर टाकायला लावून, प्राचीला विचारलं, "ऑक्सिजन किती ओढतायत?"

प्राची काचेआडच्या पडद्यापर्यंत जाऊन आली. "कालच्यापेक्षा जास्त, मॅडम."

"ऐकलंस?" देवयानी म्हणाली. "मेलेलं कोणी श्वास घेत नाही."

"पेशी घेत नसतील. जंतू घेतात," साकेत म्हणाला. "जंतू शिरले असतील तर पेशी मरणार आणि ऑक्सिजन वाढणार. मग हार्वेस्टसुद्धा नको, सगळं ओतून द्यावं लागेल."

 साकेतच्या मागून जिलबीवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, गार होतेय."

"म्हणजे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळणार नाही," भाऊ म्हणाले.

हे वाक्य साकेतचं असतं तर देवयानीला राग आला असता. रस काढून डोळ्यांनी बघायचं नाही, हाच तर तिने वर्षभर भांडून मिळवलेला विजय होता. पण जंतू, मेलेल्या पेशी की खोटारडी दांडी, हे सांगणारी दुसरी वस्तू जगात नव्हती.

"प्राची," ती म्हणाली, "रस काढ. अगदी थोडा. नियम मी मोडतेय, माझ्या नावावर."

"काढते. पण मॅडम, बघणार कशाने?"

"म्हणजे कशाने? मायक्रोस्कोपने."

"तो पूजेत आहे."

आणि नेमका दुर्गाडीपाशी रस्ता तुंबला. किल्ल्यावर देवीची जत्रा होती. पिपाण्या, फुगे, हार घातलेल्या रिक्षा, टेम्पोत बसलेली सबंध कुटुंबं. पुलावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि त्याच वेगाने रेषाही. भाऊ एकदा रस्त्याकडे, एकदा रेषेकडे बघत होते. अखेर त्यांनी किल्ल्याच्या दिशेने हात जोडले, ते सोडले आणि म्हणाले, "टेकली."

तास सुरू झाला. त्यातला बराचसा पुलावरच गेला. शहाडचा पूल मात्र देवयानीने असा ओलांडला, की भाऊंनी डोळे मिटून घेतले. दुर्गाडीनंतर रेषेवरून त्यांची नजर हटली ती तेवढीच.

कंपनीच्या बाहेरच्या हॉलमध्ये टेबलावर चादर अंथरून देवीची तसबीर मांडली होती. तिच्यापुढे रांगेने नट आवळायचे पाने, पक्कड, वजनकाटा, काचनळ्या आणि मधोमध, पाटावर, मायक्रोस्कोप. प्रत्येकावर हळद-कुंकू, फूल, अक्षता. आत निर्जंतुक खोलीत फुलाची पाकळीही न्यायला बंदी, म्हणून आतल्या यंत्रांची पूजा बाहेरूनच झाली होती. सकाळी देवयानी त्यासाठीच येऊन गेली होती. टेबलाशेजारी खुर्ची टाकून देखभाल बघणारे विठ्ठलराव बसले होते. ते मूळ साताऱ्याकडचे. पूजेची मांडणी त्यांची.

"विठ्ठलराव, मायक्रोस्कोप हवाय."

"आज न्हाई, मॅडम." ते उठून उभे राहिले, आदराने, पण टेबल आणि देवयानी यांच्या मध्ये. "मांडलेली हत्यारं हलवायची न्हाईत. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली, की न्या की."

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले.

देवयानी वळून वडिलांकडे नुसती बघत राहिली. काचेपलीकडे प्राची नखशिखान्त पांढऱ्या झग्यात, एका हातात चिमटा धरून उभी होती. दुसऱ्या हाताने तिने बाहेर सरकवलेली रसाची नळी खिडकीत वाट बघत होती.

भाऊंनी टॅब्लेट खाली ठेवला. गाल खाजवला, खुंट खरखरले.

"विठ्ठलराव, मी टिपणीस. हिचा बाप. आमच्याकडेही तुमच्यासारखीच रीत आहे. मी आज दाढीसुद्धा केलेली नाही."

"दिसतंय की."

"पण मला सांगा, उत्तरपूजा म्हणजे काय? देवाला या म्हटलं, जेवायला घातलं, विडा दिला. आता निघा म्हणायचं. बरोबर? पाहुण्याला मुक्कामाला ठेवतो आपण, पण घरात अडचण असली तर पाहुणा स्वतःच म्हणतो, की मी येतो. देव काय पाहुण्यापेक्षा अडाणी आहे?"

विठ्ठलरावांनी तसबिरीकडे पाहिलं. तिथून हरकत आली नाही.

"सगळ्यांचीच करायची म्हणता?"

"एकट्या मायक्रोस्कोपची. पान्यांना राहू देत मुक्कामाला."

"मग करा तुम्ही," विठ्ठलराव बाजूला होत म्हणाले. "माझ्या हातून व्हायचं न्हाई."

भाऊंनी अक्षता घेतल्या, घाईत एक मंत्र म्हटला, त्यातला मधला भाग गाळला, 'पुनरागमनाय च' मात्र मोठ्यांदा म्हटलं आणि पाट जरासा सरकवला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दसऱ्याच्या दिवशी हत्यार उठवलं होतं. 

देवयानीने रसात निळा रंग मिसळला. मेलेली पेशी हा रंग पिते आणि निळी पडते. जिवंत पेशी त्याला दारातूनच परत पाठवते. थेंब काचेवर घेऊन ती वाकली आणि तिच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

"काय गं?"

"सगळं लाल."

"लाल म्हणजे कोणते जंतू?" चालू ठेवलेल्या फोनमधून साकेत ओरडला.

लाल म्हणजे कुंकू. विठ्ठलरावांनी पूजा करताना बोट नेमकं डोळा लावायच्या भिंगावर टेकवलं होतं. भिंग पुसलं. देवयानी पुन्हा वाकली. या वेळी ती बराच वेळ वर आलीच नाही. भाऊंना इतका वेळ कोणताही काटा न बघता उभं राहायची सवय नव्हती. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, पिशव्यांची यादी लावलेला बोर्ड वाचला, परत आले.

"सांग तरी."

"गोल आहेत," देवयानी भिंगावरून न उठता म्हणाली. "चकचकीत. शंभरात एखाददुसरी निळी. जंतू नाहीत. एकही नाही." मग ती उठली. तिच्या उजव्या डोळ्याभोवती कुंकवाचं कडं उमटलं होतं. "प्राची, साबण काढून टाक. सगळ्या जिवंत आहेत."

प्राची काचेपलीकडे मटकन खाली बसली. निर्जंतुक खोलीत जमिनीवर बसायला बंदी आहे, पण त्या दिवशी नियमांचं एकूणच काही खरं नव्हतं.

"मग तुझी दांडी खोटं बोलतेय," साकेत म्हणाला. आवाजात सुटकेबरोबर आणखीही काहीतरी होतं. "उद्यापर्यंत कशावर विश्वास ठेवायचा?"

हा प्रश्न रास्त होता, म्हणूनच झोंबला. देवयानी हॉलभर येरझाऱ्या घालू लागली. दांडी तपासलेली होती. तार नवी होती. सकाळपर्यंत रेषा ठणठणीत होती. सकाळपासून त्या यंत्राला कोणी हातही लावला नव्हता. पूजेतलं यंत्र ना ते.

आपण काहीतरी बरं बोलावं, म्हणून भाऊ काचेच्या भिंतीशी गेले. तिथे बाहेरच्या बाजूला दांडीची तार येऊन एका पांढऱ्या पेटीत शिरत होती. या पेटीतच रेषेचा सगळा हिशेब व्हायचा. पेटीवर हळद-कुंकवाची बोटं होती आणि झेंडूचा घसघशीत हार होता, सकाळी देवयानीने स्वतः बांधलेला.

"फुलं मात्र काय टवटवीत आहेत अजून," भाऊ म्हणाले. "नौपाड्याच्या बाजारातली. मीच आणली. उत्तराने रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, तेव्हा कुठे अशी राहतात." आणि त्यांनी हार कौतुकाने थोपटला.

हारातून पाण्याचा एक ओघळ निघाला. तो शांतपणे तारेवरून उतरला, जिथे तार पेटीत शिरते त्या टोपीपाशी थबकला आणि आत गेला.

टॅब्लेटवरची रेषा आणखी एक पायरी उतरली.

सगळे तिकडे बघत राहिले. भाऊंचा हात अजून हारावरच होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला आणि पाठीमागे नेला.

"विठ्ठलराव," देवयानी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "गरम हवेची गन कुठे आहे?"

"पूजेत."

भाऊंनी अक्षतांची वाटी पुढे ओढली.

हार उतरवला. टोपी काढली, पुसली, गरम हवेने वाळवली, पुन्हा बसवली. मग तिघं टॅब्लेटभोवती दाटीवाटीने उभी राहिली. रेषेने बराच वेळ ताणून धरलं. मग ती उठली, लाल रेषेच्या वर आली, चढत चढत सकाळच्या उंचीवर गेली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने सपाट चालू लागली.

"वर आली!" साकेत म्हणाला. "कशामुळे झालं?"

"ओल गेली होती आत."

"कसली ओल?"

"झेंडूची."

पलीकडे जिलबी खाल्ल्याचा आवाज थांबला. "हे मी रिपोर्टमध्ये कसं लिहू?"

"तू नको लिहूस. मी लिहिते. हार मी बांधला. रस काढायचा नाही, हा नियमही माझाच. तो आजपासून बदलला: रेषा पडली, तर आधी डोळ्यांनी बघायचं, मग फोडायचं."

"आणि उद्या?"

"उद्या दुपारी. ठरल्याप्रमाणे."

निघताना भाऊंनी खिशातून आपट्याची पानं काढून सोनं वाटलं. विठ्ठलरावांना दिलं, बाहेर आलेल्या प्राचीला दिलं. एक पान घेऊन ते पेटीकडे वळले, तेव्हा त्यांना पाठीवर मुलीची नजर जाणवली.

"कोरडं आहे गं," ते म्हणाले. "बघ हवं तर."

"खिशात, भाऊ."

त्यांनी पान खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी दाढी केली, मग ते जेवले आणि टॅब्लेट घेऊन आरामखुर्चीत बसले. रेषा सपाट होती. उत्तराबाईंनी दोनदा सांगितलं, जरा पडा. ते पडले नाहीत. दुपारी रेषा अचानक खाली झुकली, आणि या वेळी सभ्यपणे नाही, दगडासारखी गेली. लाल रेषा ओलांडून, त्याहून खाली, तळाला. शून्य.

भाऊंनी घाईघाईने फोन लावला. "देवयानी! अगं, सगळ्या गेल्या! एकही नाही! हार काढला होता ना गं आपण?"

"भाऊ, हार्वेस्ट केलं," देवयानी म्हणाली. मागे प्राची कोणालातरी हसून काही सांगत होती. "साबण सोडला. जायच्याच होत्या त्या. त्यासाठीच तर पोसल्या होत्या."

"मिळालं का पुरेसं?"

"पुरलं. पहिल्याला पुरून वर उरलं."

"नाव काय त्या मुलाचं?"

"आम्हाला सांगत नाहीत."

"बरं," भाऊ म्हणाले.

फोन ठेवून ते बसून राहिले. पडद्यावर हिरवी रेषा अजून सरकत होती, पण अगदी तळाशी, आणि तिच्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. खिशात हात गेला तर कालचं पान लागलं. ते त्यांनी टॅब्लेटच्या कडेला, पडद्याला लागणार नाही असं ठेवलं.

"झालं का?" उत्तराबाईंनी आतून विचारलं. "चहा टाकू?"

"टाक," भाऊ म्हणाले, आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. काटा फारच संथ होता.